सीमॉय हेडफोन ॲम्प: हेडफोन लावला की मधला ग्राउंड घसरतो, मदत हवी

तांब्याची_तार

च्यू मॉय यांच्या सर्किटवरून, ज्याला सगळे सीमॉय म्हणतात, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा हेडफोन ॲम्प डॉट बोर्डवर जुळवला आहे. सर्किट मुळाबरहुकूम आहे. बॅटरीच्या व्होल्टेजचे दोन भाग करून मधला ग्राउंड (निम्म्या व्होल्टेजचा बिंदू) बनवायला ४.७ के (किलोओहम) चे दोन रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा बॉक्स कपॅसिटर, त्यामागून ग्राउंडकडे १०० के. फीडबॅकला १० के आणि १ के, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ११. फक्त आयसी वेगळा आहे: ओपीए२१३४ मिळाला नाही म्हणून एनई५५३२ लावला. पिना दोन्हींच्या सारख्याच आहेत.

हेडफोन न लावता मोजलं तर पिन ८ (बॅटरीचं अधिक) ते मधला ग्राउंड ४.४५ व्होल्ट, मधला ग्राउंड ते पिन ४ (बॅटरीचं वजा) सुद्धा ४.४५. एकदम बरोबर. ३२ ओहमचा हेडफोन लावला की हेच आकडे ७.१ आणि १.८ होतात, आणि आवाज फाटतो. दोन्ही ४.७ के बदलले, दोन्ही २२० बदलले, आयसीही बदलून पाहिला. फरक शून्य. चूक कुठे असावी?

डॉटबोर्ड

आधी ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, आहे का बघा. आयसी काढा, बॅटरी सोडवा आणि बेसच्या प्रत्येक पायापासून पुढच्या पार्टच्या पायापर्यंत कंटिन्युइटी तपासा. बोर्डाच्या कॉपरवर नव्हे, थेट पार्टच्या पायावर टोक टेकवा, नाहीतर तडकलेला जोड सापडत नाही. आणि सोल्डर करताना नळकामाची आंबट पेस्ट वापरली असेल तर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढा. त्या पेस्टचा थर ओल धरतो आणि १०० के च्या आजूबाजूला गळती करतो.

रेवा_साउंड

२२० चा एखादा कपॅसिटर उलटा बसला असेल? खालच्या कपॅसिटरची वजा बाजू पिन ४ कडे हवी, मधल्या ग्राउंडकडे नाही. ही चूक फार वेळा होते.

तांब्याची_तार

रेवाताई, दिशा दोनदा तपासली, बरोबर आहे. डॉटबोर्ड, बोर्ड धुऊन वाळवला, आकडे तेच.

मंद्रसप्तक

कपॅसिटर उलटा असता तर हेडफोन न लावताही गळती दिसली असती आणि ४.४५ / ४.४५ असा समतोल मिळाला नसता. बिघाड हेडफोन लावल्यावरच दिसतो, म्हणजे हेडफोनमधून डीसी वाहतोय.

हेडफोन काढा, व्हॉल्यूम शून्यावर आणा, मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा. आकडा मावला नाही तर २ व्होल्टवर. काळी काडी मधल्या ग्राउंडला. लाल काडीने पिन १, पिन ७ (आउटपुट), पिन ३ आणि पिन ५ (इनपुट) मोजून चारही आकडे इथे द्या, चिन्हासकट.

तांब्याची_तार

पिन ३: −१८.२ मिलिव्होल्ट
पिन ५: −१८.९
पिन १: −२०१
पिन ७: −२०७

मंद्रसप्तक

सापडलं. सोल्डरिंग उत्तम आहे, पार्ट बरोबर आहेत. सर्किट आणि आयसी यांची जोडी मात्र जमलेली नाही.

ओपीए२१३४ च्या इनपुटला फेट (फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर) आहेत. त्याच्या इनपुट पिनेत जाणारा करंट पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे नसल्यात जमा. मूळ सर्किटमधला १०० के त्या हिशेबाने निवडलेला आहे. एनई५५३२ च्या इनपुटला साधे एनपीएन ट्रान्झिस्टर आहेत. त्यांना बेस करंट लागतो: साधारण २०० नॅनोअँपिअर, जास्तीत जास्त ८००. हा करंट मधल्या ग्राउंडकडून १०० के मधून पिन ३ कडे येतो. २०० नॅनोअँपिअर गुणिले १०० के म्हणजे २० मिलिव्होल्ट. आत जाणारा करंट आहे म्हणून पिन ग्राउंडच्या खाली जाते, तेच तुमचे −१८.२. गेन ११ आहे, म्हणून आउटपुटला −२००. गुणाकार करून बघा, तंतोतंत जुळतं.

आता हेडफोन लावला. २०० मिलिव्होल्ट भागिले ३२ ओहम म्हणजे सव्वासहा मिलिअँपिअर, दोन चॅनेल मिळून साडेबारा. हा करंट मधल्या ग्राउंडमधून निघून हेडफोनमधून आयसीत आणि तिथून बॅटरीच्या वजा टोकाला जातो. पण मधल्या ग्राउंडला तो देणार कोण? दोन ४.७ के. डीसीसाठी ती जोडी मिळून २.३५ के ची आहे, तिच्या अंगात दीड-दोन मिलिअँपिअरच्या वर बळच नाही. मग मधला ग्राउंड खाली घसरत जातो, आणि आयसीचं आउटपुट त्याच्या खालच्या मर्यादेला टेकलं की थांबतो. तेच तुमचे १.८. आयसीला खाली हलायला जागाच उरलेली नाही, म्हणून आवाज फाटतो.

तो हेडफोन सध्या यावर लावून ठेवू नका. पडदा सतत एका बाजूला ढकललेला राहतो.

सिंहगड_रोड

+१. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कंडेन्सरकाका

मंद्रसप्तक यांचं निदान बिनचूक आहे. उपाय मी सांगतो, आणि त्यासाठी ओपीए विकत घ्यायची गरज नाही.

इनपुटचा १०० के काढून १० के लावा. पिन ३ वर २० ऐवजी २ मिलिव्होल्ट राहतील. पण ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० के मिळून १६ हर्ट्झला खालची मर्यादा होती. १० के केल्यावर ती १६० हर्ट्झला जाईल आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा जवळपास नाहीसा होईल. म्हणून कपॅसिटरही दहापट हवा, १ मायक्रोफॅरड. २.२ मिळाला तर आणखी बरा, मर्यादा ७ हर्ट्झवर येते. ६३ व्होल्टचा पॉलिएस्टर बॉक्स मिळतो, डॉट बोर्डवर बसतो. इथे सिरॅमिक नको.

गेन ११ ठेवू नका. ३२ ओहमला आणि मोबाइलच्या आउटपुटला तो फार होतो. १ के च्या जागी ४.७ के लावा, गेन ३.१ होईल.

रेवा_साउंड

काका, एवढ्यावर थांबलं तरी हिशेब पुरता बसत नाही. २ मिलिव्होल्ट गुणिले ३.१ म्हणजे आउटपुटला सहा. सहा भागिले ३२, गुणिले दोन चॅनेल, म्हणजे ०.३८ मिलिअँपिअर. २.३५ के मधून तो गेला की मधला ग्राउंड जवळपास ०.९ व्होल्ट सरकतो. ४.४५ / ४.४५ च्या जागी ५.३ / ३.६. चालेल, पण बॅटरी सात व्होल्टवर उतरली की खालच्या बाजूला पुन्हा टंचाई.

कंडेन्सरकाका

बरोबर बोललीस, अर्धंच सांगितलं मी. उरलेलं असं: फीडबॅकच्या (१ के च्या जागी लावलेल्या) ४.७ के चं जे टोक मधल्या ग्राउंडला जातं, ते थेट न जोडता २२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून जोडा. दोन्ही चॅनेलला स्वतंत्र. डीसी त्या वाटेने जात नाही, म्हणून डीसीसाठी गेन १ राहतो आणि आवाजासाठी ३.१. ४.७ के आणि २२ मायक्रोफॅरड म्हणजे दीड हर्ट्झ, ऐकू येण्याच्या कितीतरी खाली.

यात सगळ्यात सुंदर गोष्ट अशी. पिन २ लाही (दुसरं इनपुट, जिथे फीडबॅक येतो) तितकाच बेस करंट लागतो, आणि आता तो फक्त फीडबॅकच्या १० के मधून येतो. पिन ३ ला १० के, पिन २ लाही १० के. दोन्हीकडे तेच २ मिलिव्होल्ट पडतात आणि एकमेकांना खातात. आउटपुटला उरतो फक्त आयसीचा स्वतःचा ऑफसेट (सिग्नल नसतानाही दिसणारा किंचित डीसी), अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास. म्हणून इनपुटचा आणि फीडबॅकचा रेझिस्टर एकाच किमतीचा ठेवायचा, ही यातली मेख आहे. एक १० के आणि दुसरा २२ के ठेवला तर सगळा फायदा गेला.

२२ चा बायपोलर मिळाला तर उत्तम. साधा इलेक्ट्रोलिटिकही चालतो, त्याच्यावर एक-दोन मिलिव्होल्टच पडतात.

गिरगावकर_८८

एवढा खटाटोप कशाला? लॅमिंग्टन रोडला नाहीतर बुधवार पेठेत ओपीए२१३४ मिळतो. लावा आणि मोकळे व्हा.

मंद्रसप्तक

मिळतो, पण वर छापलेलं नाव आणि आतला माल एकच असेल याची खात्री नाही. परीक्षा मात्र सोपी आहे आणि ती याच सर्किटवर होते, म्हणून जुना १०० के चा बोर्ड मोडू नका. पिन ३ ते मधला ग्राउंड मोजा. खरा ओपीए२१३४ असेल तर मीटर ०.० दाखवील. वीसच्या आसपास उणे आकडा आला तर आत ५५३२ च्या जातीचा आयसी आहे. दोन-चार किंवा दहा-पंधरा मिलिव्होल्ट आले तर बहुधा ४५५८ हा आयसी.

नुसत्या बॅटरी करंटवरून ओळखू नका. ओपीए२१३४ आणि एनई५५३२ दोघेही साधारण ८ मिलिअँपिअर खातात. करंटवरून फक्त टीएल०७२ आणि ४५५८ वेगळे पडतात, ते तीन-साडेतीनच खातात. टीएल०७२ ला तर फेट इनपुट असल्यामुळे पिन ३ वर शून्यच येईल. तिथे करंट मोजूनच पकडावा लागतो.

आणि अस्सल ओपीए असला तरी त्याचा ऑफसेट अर्धा मिलिव्होल्ट, गेन ११, म्हणजे साडेपाच. रेवा यांनी वर केलेला हिशेब त्यालाही लागू आहे. ३२ ओहमला दोन रेझिस्टरवरचा मधला ग्राउंड अपुराच. काकांचा २२ मायक्रोफॅरड ओपीएलाही लावा.

खडकवासला

दोन ९ व्होल्ट बॅटऱ्या लावल्या तर मधल्या ग्राउंडचा प्रश्नच मिटतो ना? एकीचं वजा आणि दुसरीचं अधिक जोडलं की तो खरा ग्राउंड.

रेवा_साउंड

मिटतो, पण दुसरा धोका येतो. दोन बॅटऱ्या कधीच एकदम संपत नाहीत. एक बसली की आउटपुट दुसरीच्या बाजूला जाऊन चिकटतं आणि हेडफोनवर सरळ काही व्होल्ट डीसी येतो. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या ओ२ ॲम्पमध्ये दोन बॅटऱ्याच आहेत, पण एक ठरावीक पातळीखाली गेली की मॉस्फेट दोन्ही बॅटऱ्या एकदम तोडतात. तो भाग गाळून नुसत्या दोन बॅटऱ्या जोडायच्या नाहीत. स्विचही सहा पायांचा हवा, दोन्ही बॅटऱ्या एकाच झटक्यात तुटल्या पाहिजेत.

एकच बॅटरी ठेवायची असेल तर टीएलई२४२६ हा तीन पायांचा आयसी दोन ४.७ के च्या जागी बसतो आणि २० मिलिअँपिअरपर्यंत देतो-घेतो. २२० चे कपॅसिटर तसेच राहू द्यायचे.

पवना_काठ

थोडं विषयांतर. माझ्या सर्किटमध्ये गायकाचा आवाज गायब आणि मागची वाद्यं विहिरीतून आल्यासारखी. जुनं नाट्यसंगीत लावलं तर पूर्ण शांतता. आयसी गेला का?

कंडेन्सरकाका

आयसी ठणठणीत आहे. हेडफोन जॅकच्या ग्राउंडचा जोड सुटलाय. ग्राउंड नसला की डावा आणि उजवा स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि ऐकू येतो तो दोन चॅनेलमधला फरक. गायक दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो वजा होतो. जुनी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, त्यांत फरक काहीच नाही, म्हणून शांतता. जॅकचा लांब पाय, जो बाहेरच्या कड्याला जातो, तो पुन्हा सोल्डर करा. तिथलं प्लास्टिक लवकर वितळतं, तीन सेकंदांच्या वर गरम करू नका.

पवना_काठ

जोड हलवल्यावर आवाज आला. आता पक्का करतो. आभार काका!

सिंहगड_रोड

बॅटरीऐवजी लॅपटॉपच्या यूएसबीवरून बूस्ट मोड्यूल लावून १२ व्होल्ट घेतले तर? रोजचा बॅटरीचा खर्च वाचेल.

मंद्रसप्तक

गाणंही त्याच लॅपटॉपमधून येत असेल तर अजिबात नको. ऑडिओ केबलचा ग्राउंड म्हणजे लॅपटॉपचा ग्राउंड. यूएसबीचं वजाही तेच, आणि साध्या बूस्ट मोड्यूलमध्ये ते सरळ बाहेर येतं. म्हणजे तुमचा मधला ग्राउंड आणि पुरवठ्याचं वजा टोक केबलमधून शॉर्ट झाले. खालचा अर्धा पुरवठा शून्य. बॅटरीवर हे होत नाही, कारण ती कशालाच बांधलेली नसते.

हीच गोष्ट पत्र्याच्या डबीतही होते. ऑडिओ जॅकचं बाहेरचं कडं म्हणजे मधला ग्राउंड, आणि ॲडॉप्टरच्या सॉकेटचं कडं म्हणजे पुरवठ्याचं वजा. दोन्ही डबीला टेकले की खेळ खलास. ॲडॉप्टरचं सॉकेट प्लास्टिकचं घ्या किंवा डबीच वापरू नका.

गिरगावकर_८८

मग सरळ ट्रान्सफॉर्मर. १२-झिरो-१२ आणि ७८१२, ७९१२ हे रेग्युलेटर.

डॉटबोर्ड

शहरात चालेल, गावाकडे १५-झिरो-१५ घ्या. १२ चा हिशेब बघा: १२ गुणिले १.४१ म्हणजे १७, डायोडचा पाऊण गेला, सव्वासोळा. ७८१२ ला आत किमान १४ लागतात. संध्याकाळी लाइन २३० वरून १९० वर उतरली की सव्वातेरा उरतात आणि रेग्युलेटर हात टेकतो. मग कानात १०० हर्ट्झचा घुंऽऽ सुरू. १५ चा घेतला तर १९० लाही साडेसोळाच्या वर मिळतात.

७९१२ च्या पिना ७८१२ सारख्या नाहीत. ७८१२ मध्ये डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट, आणि त्याची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते. दोघांना एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय बसवलं की शॉर्ट. २३० च्या बाजूला फ्यूज घाला, धातूच्या डब्याला अर्थिंग द्या. यात काटकसर नको.

खडकवासला

एक मूलभूत शंका. ३२ ओहमच्या हेडफोनला मोबाइलचा छोटा डोंगलही पुरतो. मग ॲम्प कशासाठी?

रेवा_साउंड

रास्त शंका आहे. ३२ ओहमला बहुतेक वेळा डोंगल पुरतो. या ॲम्पची खरी गरज २५०-३०० ओहमच्या हेडफोनला, तिथे व्होल्ट कमी पडतात. उलट ३२ ओहमला इथे करंट कमी पडतो. ओपीए२१३४ साधारण ४० मिलिअँपिअरला थांबतो. ४० गुणिले ३२ म्हणजे १.२८ व्होल्टचं शिखर, म्हणजे २५ मिलिवॅट. ऐकायला भरपूर, पण बॅटरीचे चार व्होल्ट वाया. ३२ ओहमसाठीच बनवायचा असेल तर ४५५६ हा आयसी बघा, ७० मिलिअँपिअर देतो. ओ२ मध्ये आउटपुटला तोच आहे, दोन-दोन जोडून.

पण खडकवासला, वरचे सगळे प्रतिसाद वाचलेत ना? २०० नॅनोअँपिअर कुठून निघतो आणि आवाज कसा फाडतो, हे डोंगल विकत घेऊन कळत नाही. मला ते कळणं फार मोलाचं वाटतं.

तांब्याची_तार

काल रात्री सगळे बदल केले. इनपुटला २.२ मायक्रोफॅरड आणि १० के, फीडबॅक १० के, खाली ४.७ के आणि त्याच्याशी २२ मायक्रोफॅरड. आयसी तोच, एनई५५३२.

पिन ३: −१.९ मिलिव्होल्ट
पिन १: +०.६
पिन ७: −०.४

हेडफोन लावून: पिन ८ ते ग्राउंड ४.४३, ग्राउंड ते पिन ४ ४.४६.

आवाज स्वच्छ आहे, ठोकाही भरीव. आता दोनच गोष्टी राहिल्या. व्हॉल्यूमची कळ पाव फिरवली की आवाज एकदम वाढतो. आणि चालू करताना कानात ‘धप्प’ होतं.

कंडेन्सरकाका

वा! आकडे बघून जीव सुखावला.

कळीवर बी१०के लिहिलंय का बघा. बी म्हणजे लिनिअर, आवाजाला ए म्हणजे लॉग लागतो. ए१०के नाही मिळाला तर बी५०के घ्या आणि मधल्या पायापासून ग्राउंडकडे ६.८ के लावा, दोन्ही चॅनेलला. तुमचा इनपुटचा १० के तिथे आधीच समांतर येतोय, म्हणून ६.८ च्या जागी १५ के लावला तरी एकूण सहा के च होतात. चाल बरीचशी लॉगसारखी येते.

‘धप्प’ म्हणजे मधला ग्राउंड आणि कपॅसिटर जागेवर येईपर्यंतचा धक्का. आधी स्विच, दोन-तीन सेकंद थांबा, मग हेडफोन. बंद करताना आधी हेडफोन काढा.

रेवा_साउंड

आणि पिन ८ ते पिन ४ असा ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आयसीच्या अगदी पोटाशी लावलाय का? यादीत दिसला नाही. नसेल तर डब्यात बंद करण्याआधी लावा. आउटपुटला १० ओहमही घाला, पण फीडबॅकचा १० के त्या १० ओहमच्या आयसीकडच्या टोकापासून घ्या. लांब केबल लावल्यावर आयसी कोमट लागत असेल, तर तो ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला थरथरतोय असं समजा. दोनशे किलोहर्ट्झच्या स्वस्त स्कोपवर ते दिसत नाही, बोटालाच कळतं.

तांब्याची_तार

०.१ लावलाच नव्हता. आज बसवतो. आयसीला बोट लावून पाहिलं, एक मीटरच्या केबलवर गार आहे, तीन मीटरच्या एक्स्टेन्शनवर कोमट.

रेवा_साउंड

मग १० ओहम लागणारच. दोन्ही लावून तीन मीटरवर पुन्हा बघा आणि पिन १ चा डीसी परत मोजा.